‘चांगला विचार कर’ म्हटलं की आणखीच खचायला होतं

प्रश्न : सहा महिन्यांपासून नैराश्यावर गोळ्या चालू आहेत. डोळे मिटले की ऑफिसात सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली तो प्रसंग जसाच्या तसा दिसतो. ‘मी आनंदी आहे’ असं रोज घोकते, पण उलटच होतं. का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नुसता ‘लिंबू’ हा शब्द वाचून फारसं काही होत नाही. लिंबाची फोड जिभेवर पिळल्याचं डोळ्यांसमोर आणा, तोंडाला पाणी सुटेल. मनात दृश्य पाहताना मेंदूचा प्रत्यक्ष पाहण्याचाच बराचसा भाग कामाला लागतो. एमिली होम्स आणि अँड्र्यू मॅथ्यूज या मानसशास्त्रज्ञांच्या २००५च्या प्रयोगात अप्रिय वर्णनांचा नुसता अर्थ लक्षात घेणाऱ्यांपेक्षा ती कल्पनेत पाहणाऱ्यांची चिंता जास्त वाढली. नैराश्यात वाईट चित्रं न बोलावता येतात आणि पुढची चांगली चित्रं फिकी पडतात. त्यात ‘मी आनंदी आहे’ म्हटलं की मन लगेच विचारतं, ‘कुठे?’ घोकणं बंद केलंत तरी चालेल.

त्याऐवजी उद्या करायचं एक लहानसं काम निवडा. समजा, कुंड्यांना पाणी घालणं. दोन-तीन मिनिटं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा : हातातल्या तांब्याचा गारवा, ओल्या मातीचा वास, काम झाल्यावर वाटणारं किंचित हलकेपण. मग उद्या ते खरंच करा. अनेकांची चूक इथे होते, की ते स्वतःला सिनेमातल्यासारखं बाहेरून पाहतात. त्याने भावना बोथट होते आणि ‘मी तर अशी नाही’ ही तुलना पुन्हा डोकं वर काढते. दुसरी चूक ‘पाच वर्षांनंतरची सुखी मी’ असलं भव्य चित्र रंगवण्याची. ते टिकत नाही. काहींना चित्र दिसतच नाही. त्यांनी आवाज, वास, स्पर्श धरावा.

ऑफिसातला प्रसंग मात्र घरी एकटीने उकरू नका. आठवणीत शिरून तिचा शेवट बदलण्याची उपचारपद्धत आहे, पण ती प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाबरोबरच करावी. गोळ्या स्वतःहून थांबवू नका. डॉक्टर बरेचदा ‘काय विचार येतात?’ एवढंच विचारतात, म्हणून काय दिसतं ते आपण होऊन सांगा. स्वतःला इजा करतानाची चित्रं दिसत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कधीही फोन करा.