नजर सतत उड्या मारते, तरी समोरचं दृश्य हलताना का दिसत नाही? आणि बोटाने डोळा दाबला की का हलतं?

दोन्हींचं उत्तर एकच आहे: हालचालीचा हुकूम मेंदूने दिला होता की नाही.

डोळे सेकंदाला साधारण तीन उड्या मारतात. या उडीला सॅकेड म्हणतात. वाचतानाची छोटी उडी सुमारे 30 मिलिसेकंदांत संपते. मोठ्या उडीचा वेग सेकंदाला 500 अंशांच्या वर जातो. दर वेळी दृष्टिपटलावरचं चित्र खरोखरच सरकतं. पण स्नायूंना हुकूम सुटतो तेव्हाच त्याची प्रत मेंदूच्या इतर भागांनाही मिळते, म्हणून चित्र डोळ्यामुळे सरकलं हे मेंदूला कळतं. माकडांमध्ये हा मार्ग सापडला आहे: मध्यमेंदूतल्या सुपीरिअर कॉलिक्युलस या नजर वळवणाऱ्या भागापासून थॅलॅमसमार्गे (मेंदूतलं संदेश पुढे पाठवणारं केंद्र) फ्रंटल आय फील्डपर्यंत (मेंदूच्या पुढच्या भागातलं, नजरेच्या उड्यांचं क्षेत्र). काही चेतापेशी तर उडीनंतर जी जागा त्यांच्या वाट्याला येणार, तिथल्या वस्तूला उडीआधीच प्रतिसाद देऊ लागतात (ड्युअमेल, कोल्बी आणि गोल्डबर्ग, 1992).

बोटाने डोळा हलतो तेव्हा अशी प्रत नसते, म्हणून दृश्यच हलल्यासारखं वाटतं. करून बघायचं तर काँटॅक्ट लेन्स काढा, एक डोळा मिटा, दुसऱ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर पापणीवरून अगदी हलकेच, झटपट दोनतीनदा दाबा. दाबून धरू नका. दाबून धरलं, तर स्नायू उलट जोर लावून डोळा जागेवर ठेवू पाहतात आणि निष्कर्ष गोंधळतो. काचबिंदू असेल किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर हा प्रयोग नकोच.

उडीच्या वेळचं फरपटलेलं चित्र का दिसत नाही, हा वेगळा भाग. उडीच्या किंचित आधीपासूनच मेंदूची हालचाल टिपण्याची क्षमता घटते, आणि उडीनंतरचं स्पष्ट चित्र मधलं पुसट चित्र झाकून टाकतं. म्हणून आरशात स्वतःचे डोळे हलताना दिसत नाहीत. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात मात्र दिसतात, कारण पडद्यावर चित्र थोडं उशिरा येतं आणि तोवर डोळा थांबलेला असतो.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो 1975 चा ब्रिजमन, हेंड्री आणि स्टार्क यांचा प्रयोग. ऐन उडीत वस्तू उडीच्या अंतराच्या जवळपास एक तृतीयांश सरकवली, तरी बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. मेंदूकडे माहितीच नसते, असं मात्र नाही. पुढे 1990 च्या दशकात दिसलं, की डोळा थांबल्यावर ती वस्तू क्षणभर गायब ठेवून मग दाखवली, तर तेच सरकणं लोक अचूक ओळखतात. म्हणजे वस्तू लगेच सापडली, की मेंदू ती हललीच नाही असं धरून चालतो; सापडली नाही, तरच हुकुमाच्या प्रतीशी ताळा करतो.