कोरियन ऐतिहासिक मालिकांचा सेट बघायला मुद्दाम जावं का?

तुम्ही विचारलंय की कोरियात ऐतिहासिक मालिकांचे सेट लोकांना बघायला मिळतात का, आणि सोलमध्ये खरे राजवाडे असताना सेटसाठी एक दिवस घालवावा का. बघायला मिळतात. घालवावा का, तर मुनग्योंग या डोंगराळ गावातल्या सेटसाठी माझं उत्तर हो आहे.

मी नोकरीनिमित्त सोलजवळच्या सुवॉनला राहते, त्यामुळे घरून कोणी आलं की गाईडचं काम आपसूक माझ्याकडे येतं. ऑक्टोबरात आई-बाबा आले होते. आईने लॉकडाऊनमध्ये जोसन (१३९२ ते १९१० पर्यंतचं कोरियन राजघराणं) काळातल्या मालिकांचा नुसता फडशा पाडलेला. राजाची आई कोण, सावत्र आई कोण, विष कोणी घातलं, सगळं तोंडपाठ. तिला 'दे जांग गम'चा सेट बघायचा होता. योंगिनला त्या नावाचा पार्क आहेही, पण ती मालिका २००३-०४ ची आणि तो सेट २००५ चा. नावावर जाऊ नका. मी तिला मुनग्योंगच्या सेजे खिंडीतल्या सेटवर नेलं.

हा सेट केबीएस वाहिनीने २००० साली 'तेजो वांग गॉन' या गोर्यो (जोसनच्या आधीचं राजघराणं) काळातल्या मालिकेसाठी बांधला. जागा निवडायचं कारण मजेशीर आहे. गोर्योची राजधानी केसोंग आज उत्तर कोरियात, तिथे जाऊन शूटिंग करणं शक्यच नव्हतं. इथला जुहुलसान डोंगर केसोंगच्या डोंगरासारखा दिसतो, म्हणून इथे. पुढे २००८ मध्ये राजा सेजोंगवरच्या मालिकेसाठी बराचसा सेट पाडून जोसन काळातलं हानयांग, म्हणजे जुनं सोल, उभं केलं. आज तिथे लहानमोठ्या १३० इमारती आहेत: राजवाडा, सरदारांचे वाडे, शाकारलेल्या झोपड्या, बाजाराची गल्ली.

आत शिरल्यावर समोर ग्वांगह्वामुन, म्हणजे राजवाड्याचा मुख्य दरवाजा. बाबांनी सवयीप्रमाणे दगडी भिंतीवर बोटाने टकटक केलं. आवाज पोकळ! फायबरचा दगड. मग त्यांना नादच लागला, दिसेल त्या खांबावर टकटक. लाकूड निघालं की "हे खरंय" म्हणून मान हलवायची. एका वाड्याचं दार मी ढकलून बघितलं, तर आत खोली नाहीच, दोन हातांवर कोरी प्लायवूडची भिंत. आईला मात्र याचं काही वाटलं नाही. ती अंगणातल्या मडक्यांच्या रांगेपाशी उभी राहून "इथेच ती दासी लपते" म्हणत होती. कुठली दासी, ते देव जाणे.

आता तुमचा राजवाड्याचा मुद्दा. सोलचा मुख्य राजवाडा ग्योंगबोकगुंग १३९५ चा खरा, पण १५९२ च्या जपानी स्वारीत तो जळाला आणि पुढची पावणेतीनशे वर्षं तसाच पडून होता. १८६० च्या दशकात पुन्हा बांधला, आणि नंतर जपानी राजवटीत त्यातल्या बहुतेक इमारती पाडल्या गेल्या. आज दिसतं त्यातलं पुष्कळसं गेल्या तीसेक वर्षांत नव्याने बांधलेलं आहे. तिथल्या ग्वांगह्वामुनची तर गंमतच: १९६८ मध्ये तो चक्क काँक्रीटचा बांधला होता. तो उतरवून लाकडाचा नवा दरवाजा उघडला २०१० साली. म्हणजे २००८ मध्ये मुनग्योंगला मालिकेचं शूटिंग चालू होतं तेव्हा सोलमध्ये ग्वांगह्वामुन जागेवर नव्हताच. सेटवरचा दरवाजा खऱ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा! हे सांगितल्यावर बाबांनी पुन्हा एकदा त्या फायबरच्या भिंतीला हात लावला, या वेळी जरा आदराने.

याचा अर्थ सोलचा राजवाडा वगळा असं नाही. तो बघाच. पण तिथे गल्ल्या नाहीत, पडवीतली खाटकाची फळी नाही, चिखल नाही. मालिकेत पळापळ होते ती जागा सेटवरच मिळते.

आणि मुनग्योंगला सेटच्या बाहेर खरा इतिहास आहे. सेट आहे सेजे खिंडीच्या पायथ्याशी, पहिल्या वेशीच्या आत. याच खिंडीतून सोल आणि दक्षिणेकडचं दोंगने (आताचं बुसान) जोडणारा जुना राजरस्ता जायचा. दक्षिणेतले विद्यार्थी सरकारी नोकरीची परीक्षा द्यायला इथूनच चालत राजधानीला जायचे. दुसऱ्या दोन खिंडी होत्या, पण चुपुंगन्योंगच्या नावात पानगळीचा वास, म्हणजे परीक्षेत गळणार, आणि जुंगन्योंगच्या नावात बांबू, म्हणजे घसरणार. मुनग्योंग म्हणजे शुभवार्ता ऐकणं. झालं, सगळे इकडून! पुण्यात पेठेत खोली घेऊन एमपीएससी करणाऱ्या माझ्या चुलतभावाला हे कळवल्यावर त्याचा लगेच मेसेज आला, "ताई, तिथली माती आण."

१५९२ मध्ये जपानी फौज याच वाटेने आली. कोरियन सेनापती शिन रिपने खिंड अडवली नाही, पुढे चुंगजूला नदीकाठच्या मोकळ्या जागेत लढाई घेतली आणि ती हरला. खिंडीतल्या तीन दगडी वेशी त्यानंतरच्या. मधली मूळची १५९४ ची, बाकीच्या दोन मूळच्या १७०८ च्या. पावनखिंडीवर वाढलेल्या आमच्या बाबांना हे काही केल्या पटेना. "अहो, खिंड हातात असताना?" परतीच्या गाडीतही तेच.

जायचं कसं: २०२४ च्या नोव्हेंबरअखेर सोलच्या दक्षिणेकडच्या पांग्यो ते मुनग्योंग थेट रेल्वे सुरू झाली, साधारण दीड तास लागतो. स्टेशनवरून बस किंवा टॅक्सी. सोलच्या पूर्व बसस्थानकावरूनही बस आहे. खिंडीत फिरायला पैसे पडत नाहीत, सेटचं तिकीट वेगळं आणि किरकोळ आहे. शूटिंग चालू असलं तर काही भाग दोरी लावून बंद ठेवतात, त्यावर वाद घालून उपयोग नाही. तिथला पोऱ्या अतिशय नम्रपणे तुम्हाला उलट पाठवतो. शक्यतो ऑक्टोबरात जा, तेव्हा सफरचंदाचा मोसम असतो. ओमिजा नावाच्या लाल फळाचं सरबत प्या, रंगाने थेट आपल्या कोकमासारखं, चव मात्र आंबट-गोड-कडू अशी एकदम सगळी.

चालायचे बूट घाला, किंवा घालूच नका. पहिल्या वेशीपासून तिसरीपर्यंत साडेसहा किलोमीटर मातीचा रस्ता आहे आणि तिथले आजी-आजोबा बूट हातात घेऊन अनवाणी चालतात. आईनेही चपला काढल्या आणि दुसऱ्या वेशीपर्यंत गेली. खाली पाय धुवायला नळ आहेत, पाणी बर्फासारखं गार.