मित्राचा वाढदिवस बेटावर? मग आधी हे ऐक

मालदीव, लक्षद्वीप तूर्त डोक्यातून काढ. पहिल्यांदाच जातोयस, हाताशी दोनच दिवस. त्यातला एक प्रवासात घालवायचा नाही. उडुपीकडच्या मालपेजवळचं सेंट मेरीज बेट सुंदर आहे, पण तिथं मुक्काम करता येत नाही आणि पावसाळ्यात बोटी बंद. बेळगावकरांना सोपं बेट म्हणजे गोव्यातलं दिवाडी, मांडवीच्या पात्रातलं.

जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, साखळी, डिचोली करत नार्व्याला उतर आणि तिथून फेरीबोट धर. सगळे जुन्या गोव्यावरून वळसा घालून जातात, उगीच. नार्व्यात सप्तकोटेश्वराला थांबच. हा देव मूळचा दिवाडीचा. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला.

नवखे चुकतात ते इथं:

- केक बेळगावातून नेतात. माझा घाटातच कलंडला, क्रीम सगळं सीटला. त्यापेक्षा कुंदा ने, आपली बेळगावची खव्याची मिठाई. मेणबत्ती त्यातही उभी राहते की.
- समुद्रकिनारा शोधतात. दिवाडीला नाहीच तो. खाजन शेतं (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली), खारफुटी, जुनी घरं आहेत. पोहायचंच असेल तर हे बेट तुझं नव्हे.
- शेवटच्या फेरीची वेळ विचारत नाहीत. धक्क्यावर पोचल्याबरोबर विचार.

घाट उजेडात उतर. पावसाळ्यात धुकं एवढं की पुढची गाडी दिसत नाही.

आणि सरप्राइज म्हणून पंधरा जण गोळा करू नकोस. तुम्ही दोघंच जा. राहायची खोली मात्र निघण्याआधी ठरव, तिथं हॉटेलांची रांग नाही.