वाचक विचारतात : राडारोड्यातील विटांची सुरखी चालेल का?

प्रश्न : आमच्या चुन्यात बांधलेल्या जुन्या घराच्या विटांचे सांधे झिजले असून ते पुन्हा भरायचे आहेत. पडलेल्या मागच्या भिंतीचा राडारोडा कुटून त्याची सुरखी (भाजलेल्या विटांचा चुरा) चुन्यात मिसळावी, असा आमचा विचार आहे. गवंडी मात्र मजबुतीसाठी थोडे सिमेंट घालण्याचा आग्रह धरतो. काय करावे?

उत्तर : सिमेंट घालू नये. भिंतीतील ओल चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडते आणि तिच्यासोबतचे क्षारही तेथेच साठतात. परंतु सांधा विटेपेक्षा घट्ट झाला, की तीच ओल विटेतून वाट काढते, क्षारांचे स्फटिक विटेच्या पृष्ठभागाखाली वाढतात आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात. झिजलेला सांधा पुन्हा भरता येतो, वीट गेली की मूळ बांधकामच गेले. त्यामुळे येथे मजबुतीचा आग्रह मुळातच चुकीचा आहे.

राडारोडा वापरण्याचा विचार योग्य आहे. त्यातील साबूत विटा मात्र कुटू नयेत, त्या दुरुस्तीला जशाच्या तशा लागतील. साधारण ६०० ते ९०० अंश सेल्सिअसला भाजलेल्या विटेतील सिलिका व अॅल्युमिना चुन्याशी संयोग पावतात आणि मिश्रण ओलाव्यातही घट्ट होते. जास्त भाजलेल्या, काळपट विटेचा चुरा बहुतांशी वाळूचेच काम करतो. पारख घरीही करता येते. वस्त्रगाळ चुरा विरवलेल्या चुन्यात मळून त्याची गोळी झाकणबंद डब्यात दोन-तीन आठवडे ठेवावी आणि मग पाण्यात सोडावी. निव्वळ चुन्याला आवळण्यासाठी, म्हणजे घट्ट होण्यासाठी, हवा लागते, त्यामुळे बंद डब्यातही गोळी आवळली आणि पाण्यात टिकली, तर ती सुरखीची करामत समजावी. चिखल झाला, तर तो चुरा सुरखी म्हणून वापरू नये.

कुटण्यापूर्वी सिमेंटचा गिलावा आणि जिप्समचे तुकडे वेचून काढावेत, कारण जिप्सममधील सल्फेट ओलाव्यात अॅल्युमिनाशी मिळून फुगणारे संयुग तयार करते व सांधा आतून फुटतो. लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागलेल्या विटा तर घेऊच नयेत. शंका असल्यास चुऱ्यातील क्षारांची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी.

सांधे भरण्याआधी भिंत ओली करावी आणि काम झाल्यावर काही दिवस त्यावर ओले गोणपाट लावून ठेवावे, कारण सुरखीचा चुना वेळेआधी सुकला तर भुसभुशीत राहतो. पहिला प्रयोग दर्शनी भिंतीवर नको.