पहिलं वर्ष इंजिनीअरिंगचं, ओढ अर्थशास्त्राची

प्रश्न: माझी मुलगी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला आहे. पहिलं वर्ष सुटलं, गणितात मार्क चांगले आहेत. आता म्हणते, इंजिनीअरिंग सोडून बीएस्सी अर्थशास्त्र करायचं. शिक्षण शुल्क माफ असलं तरी हॉस्टेल, मेस, लॅपटॉप धरून दोन लाखांवर खर्च झालाय. मी सांगली जिल्ह्यातला ऊस उत्पादक, कारखान्याचा सभासद, स्वतः बी.ए. आहे. तिनं मला सूक्ष्म अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम दाखवला. त्यात शेवटी असममित माहिती, मतदानाच्या पद्धती आणि माणूस निर्णय घेताना कुठं चुकतो, असले विषय आहेत. यात अर्थशास्त्र कुठं आलं? आमच्या भावकीतला एकजण एम.ए. अर्थशास्त्र करून घरी बसलाय. काय करावं?

उत्तर: नमस्कार. आधी अभ्यासक्रमाचं बोलू. तुम्ही ज्या तीन विषयांवर बोट ठेवलंय, ते तुम्ही गेली कित्येक वर्षं शेतात आणि कारखान्यावर जगताय. फक्त त्यांना परीक्षेत मार्क असतात हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

तुमचा ऊस तुटतो, गाडी कारखान्यावर जाते. वजन कारखान्याच्या काट्यावर होतं, उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, कारखान्याच्या प्रयोगशाळेत निघतो. २०२४-२५ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होती आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे जादा. म्हणजे उतारा एक दशांश टक्का इकडचा तिकडे झाला की टनाला ३३ रुपये २० पैशांचा फरक. दहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्यात हा आकडा ३ कोटी ३२ लाखांवर जातो. आणि तो दशांश टक्का एका बाजूला माहीत असतो, दुसऱ्या बाजूला नसतो. काटामारीची चर्चा गावोगाव चालते. ती सगळीकडे खरी असते असं मी म्हणणार नाही. पण गंमत अशी की जो कारखाना काटा चोख ठेवतो, त्याच्यावरही संशय राहतोच, कारण आपण चोख आहोत हे सभासदाला पटवायचं कसं हे त्यालाही उमगत नाही. असममित माहिती ती हीच.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली यावर एक छोटा निबंध लिहिला. उदाहरण होतं जुन्या मोटारींच्या बाजाराचं. गाडी कशी आहे ते विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाही. मग घेणारा सरासरी गाडीची किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगली गाडी कोण विकेल? चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात, सरासरी आणखी घसरते, किंमत आणखी उतरते आणि शेवटी बाजारच बसतो. हा निबंध आधी नामवंत नियतकालिकांनी परत पाठवला होता. पुढं त्यासाठीच २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर मिळालं. अ‍ॅकरलॉफ १९६७-६८ मध्ये भारतात राहून गेले होते आणि निबंधात तसा उल्लेखही सापडतो: बाजारातल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, तांदळासारखेच दिसणारे खडे निवडून काढणाऱ्या भारतीय गृहिणीचा. गावातल्या सावकाराचं व्याज इतकं का असतं, हेही त्यांनी याच अंगानं मांडलंय. शहरातली बँक कर्जदाराला ओळखत नाही, सावकार ओळखतो, आणि त्या ओळखीचा दर लावतो.

तुमच्या भागातल्या सोयाबीनवाल्यांची तक्रारही तुम्ही ऐकली असेल. नुकसान माझ्या रानात, मग विम्याची भरपाई महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगाच्या सरासरीवर का? शेतकऱ्याला हा अन्याय वाटतो आणि एकट्या शेतकऱ्यापुरता तो असतोही. पण भरपाई एकेका शेतावर ठरली तर कुणी औषध फवारलं, कुणी नाही, हे विमा कंपनी कुठून बघणार? मंडळाची सरासरी कुणा एकट्याला पाडता येत नाही, म्हणून ती धरतात. मग मंडळ किती मोठं असावं? लहान ठेवलं तर प्रयोगांचा खर्च वाढतो, मोठं ठेवलं तर खऱ्या नुकसानीची भरपाई हुकते. असं गणित मांडायला माणसं लागतात आणि त्यांना पगार मिळतो. तुमच्या मुलीला जे शिकायचंय ते हे.

आता मतदान. समजा ग्रामसभेपुढं तीन कामं आहेत: पाण्याची टाकी, रस्ता, शाळेची खोली. गावात तीन सारख्या वस्त्या. पहिलीला टाकी हवी, नाही तर रस्ता, सगळ्यात शेवटी शाळा. दुसरीचा क्रम रस्ता, शाळा, टाकी. तिसरीचा शाळा, टाकी, रस्ता. दोन-दोन कामांवर हात वर करायला लावा. टाकी रस्त्याला हरवते, रस्ता शाळेला हरवतो आणि शाळा टाकीला हरवते! बहुमताला स्वतःचं मतच नाही. मग निकाल कोण ठरवतं? आधी कोणत्या दोन कामांवर मतं घ्यायची, हे ज्याच्या हातात आहे तो. सरपंचाला शाळा हवी असेल तर तो आधी टाकी आणि रस्ता लढवील आणि जिंकलेल्या टाकीसमोर शाळा उभी करील. टाकी हवी असेल तर सुरुवात रस्ता आणि शाळेपासून करील. एकाही माणसानं मत बदललेलं नाही, पैसे वाटलेले नाहीत, तरी निकाल वेगळा.

हा पेच फ्रान्सचा गणितज्ञ काँदोर्से यानं १७८५ साली मांडला. १९५१ मध्ये अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी त्याच्याही पुढं जाऊन गणितानं सिद्ध केलं की तीन किंवा जास्त पर्याय असले, की काही अगदी साध्या आणि रास्त अटी एकाच वेळी पाळील अशी पसंतीक्रमाची पद्धत बनवताच येत नाही. त्यांना १९७२ चं नोबेल मिळालं, आणि आपल्या अमर्त्य सेन यांचं मोठं काम याच रस्त्यावरचं आहे. तुम्ही पदवीधर आहात. पुणे पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवलं असेल तर जांभळ्या पेनानं १, २, ३ असे पसंतीक्रम लिहिलेही असतील. राष्ट्रपतींची निवडणूकही त्याच धर्तीवर होते. १९६९ साली व्ही. व्ही. गिरी पहिल्या पसंतीत निम्म्याच्या पुढं गेले नव्हते. दुसऱ्या पसंतीची मतं मोजली तेव्हा निवडून आले. नियम कोणता, यावर माणूस कोण हे ठरू शकतं. आणि नियमाचा अभ्यास राज्यशास्त्रवाल्यांनीच करावा असं काही लिहून ठेवलेलं नाही.

याहून जवळचं उदाहरण सांगतो. महाराष्ट्रातल्या जवळपास शंभर सहकारी साखर कारखान्यांची १९७१ ते १९९३ ची आकडेवारी घेऊन चार अर्थशास्त्रज्ञांनी एक अभ्यास केला. तो २००१ मध्ये ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’त छापून आला. अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवन मुन्शी आणि देबराज रे असे ते चौघं. प्रश्न असा: सभासद सगळे, मालक सगळे, तरी काही कारखाने ऊसदर कमी का देतात? त्यांचं उत्तर थोडक्यात असं की जिथं जमिनीची विषमता जास्त, तिथं बड्या बागायतदारांचा कारभारावरचा ताबा त्यांच्या वाट्यापेक्षा मोठा असतो. लहान सभासदांकडून उघडपणे पैसे काढता येत नाहीत, म्हणून उसाचा दरच कमी धरायचा आणि कारखान्यात मागं राहिलेला पैसा दुसरीकडं वळवायचा. जिथं विषमता वाढते तिथं दर घटतो आणि गाळप क्षमताही कमी राहते, असं आकडेवारीतून निघालं. वार्षिक सभेत माईक हातातून काढून घेतला जातो तेव्हा तुम्हाला जे वाटतं, ते यांनी समीकरणात मांडलं. यातले बॅनर्जी म्हणजे २०१९ चे नोबेलवाले. जन्म मुंबईचा, आई निर्मलाबाई माहेरच्या पाटणकर. मुलीला हा निबंध वाचायला द्या. सगळा नाही कळणार, पण प्रस्तावना नक्की कळेल. ती वाचून तिचे डोळे चमकले की नाहीत, हे मला कोणत्याही अभिरुची चाचणीपेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं.

तिसरा विषय, निर्णयातल्या चुका, थेट तुमच्या पत्रात शिरतो. रागावू नका. खर्च झालेले दोन लाख तुम्ही निर्णयाच्या पारड्यात टाकलेत. ती पदवी पूर्ण करो वा सोडो, ते पैसे परत येणार नाहीत. लागणीला खर्च झाला म्हणून हुमणीनं पोखरलेला खोडवा तुम्ही ठेवता का? पुढं टनेज किती निघेल ते बघता आणि नांगर घालता. शेतात जे सहज जमतं ते मुलांच्या शिक्षणात जमत नाही, याचं कारण मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि अ‍ॅमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं: शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गेल्याचं दुःख माणसाला कितीतरी जास्त बोचतं. ‘अर्धवट सोडलं’ हे तोट्याच्या खात्यात जातं. भावकीतल्या मुलाचंही तसंच. एक ठसठशीत उदाहरण डोळ्यांसमोर असलं की त्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधणं, हीही त्या दोघांनी नोंदवलेलीच चूक. बी.ई. होऊन घरी बसलेले तुमच्या तालुक्यात किती आहेत, तेही एकदा मोजा.

पण मुलीलाही सूट नाही. पहिल्या वर्षी ड्रॉइंग आणि वर्कशॉपला कंटाळलेल्या मुलाला दुसरं काहीही गोड लागतं. तिला अर्थशास्त्र आवडलंय की इंजिनीअरिंग नावडलंय, हे वेगळं काढायला हवं. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या एमएस क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्सच्या प्रवेश परीक्षेचे जुने पेपर त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. एमआयटीचा सूक्ष्म अर्थशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम, गृहपाठासह, फुकट उपलब्ध आहे. महिनाभर व्हिडिओ बाजूला ठेवून गृहपाठ सोडवायचे आणि पेपरांवर नजर टाकायची. त्यात गणितच गणित दिसेल. ते पाहून उत्साह टिकला तर पुढं बोलू.

नोकरीचं काय? इथं वर आलेल्या नोबेलवाल्या स्पेन्स यांचं म्हणणं कडू पण उपयोगी आहे. नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची कुवत दिसत नाही, म्हणून तो पदवीकडे खूण म्हणून बघतो. आणि जी पदवी कुवत असो नसो सगळ्यांनाच मिळते, तिची खूण पुसट होते. गणित आणि संख्याशास्त्राशिवाय केलेलं बी.ए. अर्थशास्त्र आज अशी पुसट खूण झालंय. तुमच्या भावकीतल्या मुलाची अडचण बहुधा ही असावी. गणितासह केलेलं अर्थशास्त्र हे वेगळं प्रकरण आहे. रिझर्व्ह बँकेचा संशोधन विभाग, यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवा, स्पर्धा आयोग आणि सेबीसारख्या नियामक संस्था, विमा आणि कर्जाची जोखीम मोजणाऱ्या कंपन्या, जे-पालसारख्या संशोधन संस्था, ही त्याची ठिकाणं. बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर शिक्षण लागतं, म्हणजे हिशेब पाच वर्षांचा धरा.

माझं मत असं. तिला पुण्यातल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत किंवा तशाच, गणित आणि संख्याशास्त्र नीट शिकवणाऱ्या ठिकाणी बीएस्सीला प्रवेश मिळत असेल तर इंजिनीअरिंग सोडू द्या. तसा प्रवेश मिळत नसेल आणि पर्याय म्हणून जवळच्या कॉलेजातलं नुसतं बी.ए. असेल तर सोडू नका. बी.ई. पूर्ण करून मुंबईतलं आयजीआयडीआर (इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था), इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स यांच्या प्रवेशासाठी परीक्षा देता येतात. तिथं इंजिनीअर येतात आणि गणितामुळे टिकतातही. हा रस्ताही आतापासून पाचच वर्षांचा आहे, आणि फसला तरी हातात बी.ई. राहते. पहिला रस्ता सरळ आहे, पण एम.एस्सी.ला चांगली संस्था मिळाली नाही तर मधेच अडकायला होतं. मला विचाराल तर मुलगी गणितात खरंच चांगली असेल तर मी पहिल्याकडे झुकेन, कारण चार वर्षं मन मारून शिकलेल्याचे मार्क घसरतात आणि तेच मार्क पुढच्या प्रवेशाला आडवे येतात.

खर्चाचा हिशेब मात्र पुढचा करा. मुलींना मिळालेली शुल्कमाफी व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. ती बीएस्सीला लागू होईल असं गृहीत धरू नका, संस्थेत विचारून घ्या. आणि नव्या ठिकाणी प्रवेश पक्का होऊन पावती हातात पडेपर्यंत दुसऱ्या वर्षाचा प्रवेश रद्द करू नका. मूळ कागदपत्रं आत्ताच्या कॉलेजात जमा असतील तर ती परत मिळायला किती दिवस लागतात, याची चौकशी या आठवड्यातच करा.