‘दुसऱ्यांच्या लग्नात फोटो काढते, स्वतःच्या फोटोला बसत नाही’

पत्र : माझी मुलगी वीस वर्षांची आहे, टी.वाय.बी.कॉम.ला. बारावीला 64 टक्के होते. यजमान मुंबईला नोकरीत, आम्ही दोघी गुहागर तालुक्यात गावी असतो. दोन वर्षांपासून तिला नवरीचे फोटो काढायचं वेड लागलंय. मावसभावाचा कॅमेरा आणून ठेवलाय. मे महिन्यात शृंगारतळीच्या एका फोटोग्राफरबरोबर चार लग्नं केली, दिवसाचे दीड हजार मिळाले. त्यात एकदा रात्री साडेअकराला घरी आली. दीर म्हणाले, पोरगी हाताबाहेर गेली. तेव्हापासून कॅमेरा मी कपाटात कुलपात ठेवलाय. चिपळूणचं एक चांगलं स्थळ आलंय, मुलगा बँकेत आहे. ही दुसऱ्यांच्या लग्नात फोटो काढत फिरते, पण स्थळासाठी स्वतःच्या एका फोटोला बसत नाही. लग्नानंतर सासरच्यांनी परवानगी दिली तर करू दे की खुशाल. तिला बँकेच्या परीक्षेला बसवावं का? आणि मेकअप झालेल्या मुलीचा फोटो काढण्यात शिकण्यासारखं असतं तरी काय? तिने काढलेले दोन फोटो सोबत पाठवते. तिला कसं समजवायचं ते सांगा. – एक आई

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. बँकेच्या परीक्षेचं उत्तर एका ओळीत देता येईल आणि ते पुढे देतेही. पण माझं मन अडकलं ते ‘सासरच्यांनी परवानगी दिली तर’ या शब्दांपाशी.

तुमची लेक आज तुमच्यासमोर आहे. तिला काय येतं, ती किती राबते, कुठे चुकते, हे सगळं तुम्हाला दिसतं. चिपळूणच्या त्या घरात तुम्ही अजून पाऊलही टाकलेलं नाही. तरीही तिने काय काम करावं याचा निर्णय तुम्ही त्या घराच्या स्वाधीन करून टाकलात. त्यांनी ‘नको’ म्हटलं तर काय, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. ताई, मी रोखठोक बोलते. लग्न आणि काम या दोन गोष्टींची गाठ तुम्ही मारली आहे, मुलीने नाही. ती फोटोला बसत नाही, कारण तो फोटो चिपळूणला गेला की पुढे काय काय बंद होणार, हे तिला नीट कळलंय. तो तिचा हट्ट नाही. तिचं ‘नाही’ तुम्ही ऐकून घेत नाही, म्हणून ती ते अशा रीतीने सांगते आहे.

रात्री साडेअकराचं म्हणाल तर तुमची काळजी रास्त आहे. यजमान मुंबईला, घरात दोघी बायका, साडेअकराला आडरस्त्याने एकटी मुलगी येणार म्हटल्यावर कुठल्याही आईचा जीव टांगणीला लागेल. पण त्यावर तोडगा काढता येतो. काम घेतानाच ठरवून घ्यायचं की रात्रीचा कार्यक्रम असेल तर परत घरी सोडायची जबाबदारी लग्नघरच्यांची, नाहीतर नवरीच्या घरच्या बायकांमध्ये राहायची सोय. शक्यतो दोघी मैत्रिणींनी मिळून जायचं. या गोष्टी आधी बोलल्या की लोक आनंदाने मान्य करतात. दिरांच्या शेऱ्याला मात्र तोडगा नाही. तो ऐकून सोडून द्या.

आता ते दोन फोटो. यात काय विशेष, असं तुम्ही विचारलंत.

पहिला तुमच्या पुतणीचा, गौरीहरापुढे बसलेली. पिवळी साडी, मान खाली, चिमटीत तांदूळ. डाव्या बाजूला माजघराची ठेंगणी खिडकी असावी, कारण उजेड तिथून गालावर आलाय आणि नाकाच्या शेंड्यावर थांबलाय. उजवी बाजू अंधारात आहे, पण काळी पडलेली नाही. डोळ्याची कड तिथेही दिसते. हनुवटीच्या खाली किंचित तांबूस झाक आहे. जमीन लाल कोब्याची असणार, तिचा उजेड वर उसळलाय. मुंडावळीचा एक सर ओठाच्या कडेला टेकलाय आणि तो बाजूला करायचं भान त्या मुलीला नाही. लग्नाच्या धामधुमीत नवरी एकटी असते ती एवढीच वेळ, बाहेर सनई नाहीतर स्पीकर चालू असताना. तुमच्या लेकीने ती वेळ ओळखली. फ्लॅश मारला नाही, ‘ताई, इकडे बघ’ म्हणाली नाही. वाट पाहिली. हे वीस वर्षांच्या मुलीला कुणी शिकवलं असेल असं मला वाटत नाही.

तुमची पुतणी सावळी आहे आणि या फोटोत ती सावळीच आहे. याचं मला फार कौतुक वाटलं. लग्नाच्या कितीतरी अल्बमांत मी पाहते, चेहरा कॉम्प्युटरवर गोरा केलेला असतो आणि चुडा भरलेले हात मात्र मूळ रंगाचे राहिलेले. आपल्याच लग्नात आपला चेहरा चालला नाही, हे ती मुलगी आयुष्यभर पानं उलटताना बघते.

दुसरा फोटो किनाऱ्यावरचा, शेला वाऱ्यावर उडतोय तो. तो मला आवडला नाही, आणि हे तिला वाचून दाखवा. समुद्राची रेघ नवरीच्या बरोबर मानेतून गेली आहे. ऊन डोक्यावर, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणी काळ्या आणि नथीची सावली वरच्या ओठावर मिशीसारखी. उभं राहण्याची ढब मोबाईलवर पाहून उचललेली. असे फोटो गणपतीपुळ्यापासून तारकर्लीपर्यंत रोज निघतात. किनाऱ्यावरच काढायचा तर सूर्य कलल्यावर, आणि ओहोटीला जावं, म्हणजे ओल्या वाळूत आभाळाचा उजेड पसरतो. तिथीवरून भरती-ओहोटी काढणं तुमच्याकडच्या पोरांना मी सांगायला नको. पुनवेच्या-अवसेच्या उधाणाला शालू नेसलेली मुलगी पाण्यात उभी करू नये, एवढं मात्र सांगते.

‘मेकअप झाला की कुणीही काढेल’ हा समज तुमचा एकटीचा नाही, म्हणून त्यावर जरा सविस्तर. आपल्याकडचे मुहूर्त बरेचदा ऐन दुपारचे. बाहेर रखरखीत ऊन, वर मांडवाचं रंगीत कापड. गुलाबी कापडाखाली नवरी गुलाबी दिसते, पिवळ्याखाली काविळीची वाटते, आणि मांडव माड-पोफळीत असेल तर गालांवर हिरवट छटा येते. आपल्या डोळ्यांना हे जाणवत नाही, मेंदू सावरून घेतो. कॅमेरा सावरत नाही. कॅमेऱ्याचं उजेडाचं गणित असं की समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं तो धरून चालतो. त्यामुळे समोर पांढरी किंवा फिकी पिवळी साडी आली की तो उजेड कमी करतो आणि सावळा चेहरा आणखी काळवंडतो. मागे अंधारी पडवी असली की उजेड वाढवतो आणि कपाळाला चुन्याचा हात दिल्यासारखं होतं. दागिन्यांवर फ्लॅश मारला तर सोनं पांढरं पडतं. होमाचा धूर मधे येतो. अंतरपाट सरकायच्या क्षणी चारी बाजूंनी मोबाईल धरलेले हात वर येतात आणि तो क्षण पुन्हा घेता येत नाही. भटजी थांबत नाहीत. हे सगळं हाताळत, भांबावलेल्या, उपाशी, झोप न झालेल्या मुलीचा चेहरा सैल करायचा असतो. यात शिकण्यासारखं किती आहे, ते तुम्हीच बघा.

आणखी एक गोष्ट तुमच्या लेकीजवळ आहे, जी तिच्या शृंगारतळीच्या उस्तादाजवळ नाही. तिला आतल्या खोलीत जाता येतं. माझं लग्न 1991 साली झालं. बायकांत पुरुष नको म्हणून फोटोग्राफरला ओटीवरच थांबवलं होतं. आत काकणं भरताना माझी आजी माझा हात हातात धरून रडली. ती पुढे दोनच वर्षं होती. माझ्याकडे पंगतीचे अकरा फोटो आहेत, आहेर घेतानाचे चाळीस, आणि आजीचा तो एक नाही. साडी नेसवणं, चुडा, हळद, आईने शेवटची वेणी घालणं, हे सगळं दाराआड होतं. तिथे कॅमेरा घेऊन निःशंक वावरू शकतील अशा मुली तुमच्या पंचक्रोशीत किती आहेत, ते मोजा.

आता परीक्षेची ओळ. आयबीपीएस या बँकभरती करणाऱ्या संस्थेच्या क्लार्क आणि पीओ (अधिकारी) परीक्षांना पदवी लागते, आणि क्लार्कसाठी वयाची मर्यादा 28 आहे. म्हणजे पदवी पूर्ण केली की बँकेचा रस्ता आणखी काही वर्षं खुला राहतो. आज घाई करण्यासारखं काही नाही. फोटोग्राफीच्या शिक्षणाचंही तेच: बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन मुंबईच्या जे. जे. कला संस्थेत उपयोजित कलेला जाता येतं, आणि कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर एनआयडी म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये फोटोग्राफी डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्या दोन्हींसाठी तयारी कसून लागते. लाखभर रुपये घेऊन महिन्याभरात ‘वेडिंग फोटोग्राफर’ करून देणाऱ्या क्लासच्या वाटेला मात्र जाऊ नका. त्यापेक्षा सावर्ड्याचं कला महाविद्यालय तुमच्या शेजारच्या तालुक्यात आहे. तिथे विनंती करून, मॉडेल बसवून पोर्ट्रेट रंगवतात ते चार-सहा वेळा बघायला मिळालं तर तिने जावं. गालावरून उजेड कसा उतरतो ते रंगवणाऱ्याच्या शेजारी बसून जितकं कळतं, तितकं कॅमेऱ्याच्या पुस्तकातून कळत नाही.

मुलीशीही थोडं बोलते, कारण हे पत्र ती वाचणार याची मला खात्री आहे.

बाळा, तुझं काम चांगलं आहे, पण अजून धंदा झालेला नाही. दिवसाला दीड हजार, आणि हंगामात अगदी तीस दिवस मिळाले असं धरलं तरी वर्षाचे पंचेचाळीस हजार होतात. त्यात पोट भरत नाही. तुळशीचं लग्न लागल्यावर मुहूर्त सुरू होतात, मधला पौष बहुतेक कोरडा जातो, आषाढ लागला की चार महिने सामसूम. स्वतःच्या नावावर काम घेशील तेव्हा अल्बमची छपाई, जोडीदाराचा रोज, हार्ड डिस्क, पेट्रोल, सगळं त्यातूनच जाईल. बी.कॉम. करते आहेस ना? मग वही घाल आणि प्रत्येक लग्नाचा जमाखर्च लिही. पदवी सोडायची नाही, हे माझं ठाम मत. कर्ज काढून कॅमेरा घ्यायचा नाही, हेही. रिकाम्या महिन्यांत वेळणेश्वर-गुहागरच्या घरगुती निवासवाल्यांना खोल्यांचे फोटो लागतात, बारशी असतात, डोहाळजेवणं असतात; तिथे हात चालू ठेव.

आणि एक चूक तू आत्ताच करते आहेस. नवरीमुलींचे फोटो तू इन्स्टाग्रामवर टाकतेस, असं आईने पत्राच्या समासात लिहिलंय. कुणाला विचारलंस? 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं 17 वं कलम सांगतं की पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, तो पैसे देणाऱ्याचा असतो. बटण तू दाबलंस म्हणून फोटो तुझा होत नाही. काम घेतानाच एका कागदावर लिहून घे: किती फोटो, कधी देणार, आगाऊ किती, आणि कुठले फोटो तू लोकांना दाखवू शकतेस. ज्या मुलीने तुला आतल्या खोलीत येऊ दिलं, तिचं चित्र जगाला दाखवताना तिचा होकार हवाच.

ताई, तिला कसं समजवायचं, असं तुम्ही विचारलं होतं. मी ते सांगणार नाही. तुम्हालाच काही सुचवते. चिपळूणच्या मंडळींना कळवा की मुलीची पदवी व्हायची आहे, वर्षभर थांबणार आहोत. त्यांना घाई असेल तर त्यांचं त्यांनी बघावं. येत्या कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत तिला एक पूर्ण हंगाम मोकळा द्या. रात्रीच्या बोलीसह, जमाखर्चाच्या वहीसह. पुढच्या आषाढात ती वही तिघांनी मिळून बघा, यजमानांनाही बोलवा. आकडे नाही म्हणाले, तर ती स्वतःच बँकेचा अर्ज भरेल. पण ते तिला आकड्यांनी सांगू दे, दिरांनी नको.

आणि कॅमेरा कपाटात कुलपात आहे, असं लिहिलंत. आषाढ लागलाय, तुमच्याकडे पाऊस धो धो पडत असेल. अशा बंद, दमट कपाटात लेन्सच्या काचेवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि एकदा ती आत मुरली की काच पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. त्यात कॅमेरा मावसभावाचा, म्हणजे भरपाईही आली. आजच बाहेर काढा. कोरड्या मऊ कापडाने पुसून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या. तांदळात ठेवू नका, त्याची भुकटी आत जाते. दर दोन-चार दिवसांनी उघडीप मिळेल तेव्हा तो बाहेर काढून चालू करायला हवा, दहा-वीस फोटो काढायला हवेत. ते तुम्हाला जमणार नाही. तिच्याकडेच द्या.