रोबो व्हॅक्यूम घ्यायचाय? आधी तो उलटा करून बघा

घरासाठी रोबो व्हॅक्यूम क्लीनर कोणता घ्यावा आणि घेतल्यावर त्याचं किती करावं लागतं, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. मी दुसऱ्यापासून सुरू करते, कारण तो कळला की पहिला निम्मा सुटतो.

माझा पहिला रोबो काही महिन्यांनी एकाच जागी गोल गोल फिरायला लागला. बॅटरी गेली असं धरून मी नवी मागवायच्या बेतात होते. सहज उलटा केला तर डाव्या चाकाच्या आसाभोवती केसांची चक्क दोरी वळलेली! कात्रीने कापून काढली आणि महाशय सरळ चालू लागले. तेव्हापासून दर आठवड्याला त्याला पालथा घालते.

मुख्य ब्रशचा मधला भाग स्वच्छ दिसतो, पण खरा गुंता दोन्ही टोकांना असतो. तिथली टोपी काढल्याशिवाय तो दिसतच नाही. मग ब्रश जड फिरतो आणि मोटरवर ताण येतो. पुढचं छोटं चाक ओढलं की निघतं. ते अडकलं तर फिरायच्या ऐवजी घासत जातं आणि फरशीवर चरे पाडतं. बाजूच्या ब्रशचे केस वाकले असतील तर थोडा वेळ गरम पाण्यात धरा, बरेचसे सरळ होतात.

फिल्टर मात्र माहितीपुस्तिकेत ‘धुता येतो’ असं लिहिलं असेल तरच धुवा, आणि पुरते 24 तास वाळू द्या. ओलसर फिल्टर लावला की घरभर कुबट वास सुटतो, शिवाय ओल मोटरपर्यंत जाते ती वेगळीच. खालच्या बाजूला काठांजवळ काळ्या काचेचे छोटे डोळे असतात. ते इन्फ्रारेड किरण टाकून पुढे जमीन आहे की पायरी हे ओळखतात. त्यांच्यावर धूळ बसली की सपाट जमिनीवरही यंत्र घाबरून मागे सरकतं. गडद काळ्या गालिच्यावरही काही यंत्रं असंच करतात, कारण काळा रंग किरण परत पाठवत नाही. चार्जिंगच्या पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसल्या की झालं.

आता निवड. जाहिरातीत पास्कलचे, म्हणजे हवा ओढण्याच्या जोराचे, मोठमोठे आकडे दिसतील. ते सर्वांत जोराच्या सेटिंगवरचे असतात, आणि घरात आपण त्या सेटिंगवर क्वचितच चालवतो, कारण आवाज फार आणि बॅटरी भराभर उतरते. साध्या फरशीवर केर ब्रशने उचलला जातो की नाही हे जास्त महत्त्वाचं. जाड गालिचे असतील तर आकडा जरूर बघा.

त्याहून मोठा फरक रस्ता शोधण्याच्या पद्धतीने पडतो. लायडारवाला, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा रोबो, तो लेझर फिरवून खोलीचा नकाशा करतो, अंधारातही चालतो, फक्त आरसे आणि जमिनीपर्यंतच्या काचा त्याला फसवतात. डोक्यावर लेझरची टोपी असल्यामुळे त्याची उंची बहुधा 9 ते 10 सेंटीमीटर भरते, तेव्हा पलंगाखालची जागा आधी मोजा. कॅमेऱ्यावर चालणाऱ्याला उजेड लागतो. दोन्ही नसलेले स्वस्त प्रकार एक खोली बरी करतात, पण तीन खोल्यांत एक कोपरा चारदा झाडतात आणि दुसरा विसरतात. उंबरठेही मोजा. 2 सेंटीमीटरच्या वर बरीच यंत्रं हात टेकतात.

पुसण्याची सोय असेल तर ती धूळ बसू न देण्यापुरती समजा. वाळलेले डाग हातानेच जातात. रोबो चार्जिंगला परतला की त्याचा केर आपोआप ओढून घेणारा स्टँड छान वाटतो, पण त्याच्या बऱ्याच प्रकारांना पिशव्या पुन्हा पुन्हा विकत घ्याव्या लागतात. म्हणून दुकानात सर्वांत आधी विचारा, ब्रश, फिल्टर आणि बॅटरी सुटी मिळते का? नाही म्हणाले तर मी तरी ते यंत्र घेणार नाही, मग ते कितीही हुशार असो.

आणि घरात कुत्र्याचं पिल्लू असेल तर रात्रीची वेळ लावून झोपू नका. त्याने मध्येच घाण केली की रोबो ती इमानेइतबारे सगळ्या खोल्यांत वाटून येतो. सकाळी घर तर धुवावं लागतंच, शिवाय वर सांगितलेला एकेक भाग सुटा करून घासत बसावं लागतं.